आईच्या बोटांचे ठसे

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. रागात लिहितोय, तरी नमस्कार आधी. फोनवर आई तुझ्या शेजारी कान देऊन बसलेली असते, तिच्यासमोर हे विचारता येत नाही. म्हणून पत्र, आणि तेही घरी नाही, तुझ्या बाइंडिंगच्या दुकानाच्या पत्त्यावर.

पाच तारखेला व्हिसा केंद्रात काय झालं ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत लिही. फोनवर तू एवढंच म्हणालीस की मशीननं आईची बोटं घेतली नाहीत. घेतली नाहीत म्हणजे काय? मी इथल्या विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त करतो. पट्टा बंद पडला की तो का बंद पडला हे शोधायचं, एवढीच माझी नोकरी. अकरा वर्षांत एकही पट्टा उगाच बंद पडलेला मी पाहिलेला नाही. कुठेतरी कुणाच्या तरी बॅगेचा बंद अडकलेला असतोच.

केंद्राचा निरोप मलाही आला. दहापैकी एकाही बोटाचा ठसा वाचता आला नाही, हातांना आराम देऊन सात आठवड्यांनी पुन्हा यावं, असं त्यात आहे. तो मी इथल्या एजंटला दाखवला. तो गालातल्या गालात हसला. म्हणाला, "काही लोक मुद्दाम घासून येतात. आधी एखाद्या देशानं हाकललेलं असतं ना, जुन्या ठशांशी जुळू नये म्हणून." आपल्या आईबद्दल हे! जिनं मामाच्या गावापलीकडे पाऊल टाकलं नाही तिच्याबद्दल! काम अडलेलं आहे म्हणून मी तोंड दाबून बाहेर आलो.

आता खरं सांग. ऑक्टोबरातच मी बजावलं होतं की आईला कामाला बसवू नकोस. डिसेंबरात तुझी शाळांच्या वह्यांची ऑर्डर होती. बसवलंस ना तिला घड्या घालायला? ती इकडे आली तर तुझा एक हात कमी होणार, तोही पगार न घेणारा. असं मनात आणू नये, पण येतं त्याला काय करू?

डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे. हृदयाची झडप अशी झाली आहे की तिला विमानात बसवायचं तर याच वर्षी, पुढे ते कागदावर सही करणार नाहीत. मला आईला एकदा, दोन महिने, माझ्याजवळ ठेवायचं आहे. त्याच्या आड कुणी येत असेल तर मला ते कळलं पाहिजे.

बारक्या

२५ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद. ते द्यायला माझं काही जात नाही.

पहिल्यापासून शेवटपर्यंत हवं ना, घे. सकाळी सहाच्या बसनं निघालो. केंद्राच्या दारावरच्या माणसानं आईची पिशवी, पाण्याची बाटली आणि गुडघ्याचं मलम काढून घेतलं. आत तीन तास बाकावर. मी खिडकीपाशी कागद जुळवत होते आणि आई शेजारच्या बाईशी गप्पा मारत होती, तिची सवय तुला ठाऊकच आहे. मग आमचा नंबर आला. काचेच्या एका पेटीवर बोटं टेकवायची. हातमोजे घातलेली मुलगी म्हणाली, "मावशी, दाबा." आईनं दाबली. "अजून दाबा." आईनं एवढी दाबली की नखं पांढरी पडली. पडद्यावर नुसते राखाडी डाग. मुलीनं काच पुसली, आईची बोटं पुसली, स्पिरिट लावलं, पुन्हा डागच. तिनं साहेबाला बोलावलं. तेवढ्यात मागच्या रांगेतली माणसं आईकडे अशी बघायला लागली, जणू तिनं कुणाचं पाकीट मारलंय. आई सारखी "माफ करा हं" म्हणत होती, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं.

आता तुझ्या यांत्रिक डोक्यात शिरेल असं सांगते. आईनं त्रेचाळीस वर्षं कागद मोडले. छापून आलेला मोठा ताव घ्यायचा, घडी घालायची, बोटानं रेटून घडी पक्की करायची. दिवसाला हजार, सीझनला दोन हजार. कागद दिसतो मऊ, पण तो कातडी खातो. परवा मी माझा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर उठवून बघितला. कडेला चार रेघा, मध्ये काही नाही. तो कागद सोबत पाठवते, तुझ्या एजंटला दाखव. तुला आम्ही शाळेत घातलं, कागदाच्या ढिगाजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून तुझे ठसे जिथल्या तिथे आहेत आणि तू तिथे बसून आम्हाला जाब विचारतोस.

डिसेंबरात बसवलं होतं का? हो, चार दिवस. ती आपण होऊन येऊन बसली आणि मी उठवलं नाही. केंद्रातून आल्यापासून मात्र तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. भांडी नाहीत, धुणं नाही. दिवसभर दुकानाच्या दारात स्टुलावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उपदेश करते. गिऱ्हाइकं कंटाळली आहेत.

आता मी विचारते. तू चार वर्षं आला नाहीस. गेल्या वर्षी आई नऊ दिवस दवाखान्यात होती, तू फोनवर हुंदके दिलेस, पण आला नाहीस. कधी सुट्टी नाही, कधी पट्टे बदलतायत. विमानतळावर काम करतोस आणि तुलाच विमान मिळत नाही? तिथे दुसरं बिऱ्हाड केलं असशील तर सरळ सांग, आम्ही काही तुला फाडून खाणार नाही. आईला बोलावण्याचा एवढा पुळका, मग स्वतः यायला काय धाड भरली आहे?

"पगार न घेणारा हात" हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते मी विसरणार नाही.

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या अंगठ्याचा कागद मिळाला. एजंटला नाही दाखवला, माझ्याजवळच ठेवलाय. ते वाक्य मी लिहायला नको होतं.

पण मला अर्धंच पटलं. उरलेल्या अर्ध्याचं असं आहे. तुझ्या दुकानासमोरचा मेडिकलवाला माझ्या वर्गातला, आपला डबल बॅटरी. त्याला मी आईवर लक्ष ठेवायला सांगितलंय. लपवत नाही. त्यानं परवा कळवलं की आई त्याच्याकडून बोटांना लावायचं मलम घेऊन गेली, आठवड्यात दोनदा. बोटांची टोकं लालभडक आणि सालपटं निघालेली. आराम करणाऱ्या बाईची बोटं अशी होतात का? तू तिला दारात बसवतेस ते गल्लीला दाखवायला, आणि मागच्या खोलीत वेगळंच चाललंय, असं मी समजू का?

काल एक पट्टा बघायला मी येणाऱ्या प्रवाशांच्या दालनात गेलो होतो. तिथे दोन रांगा असतात. एका रांगेतली माणसं चालता चालता पासपोर्ट दाखवतात, फोनवरचं बोलणंसुद्धा थांबवत नाहीत. दुसऱ्या रांगेतली माणसं फाइल छातीशी धरून उभी असतात, आणि अधिकाऱ्यानं वर बघितलं की आधीच हसतात. त्या दुसऱ्या रांगेत मी रोज आईला उभी करून बघतो. तिच्या फाइलमध्ये जे जे हवं ते सगळं मी एकेक करून मिळवलं. तुझ्याकडे फक्त बोटं सांभाळायचं काम होतं.

माझ्या न येण्याचं विचारलंस. पट्ट्यांचं काम खरंच चालू आहे. बिऱ्हाडबिऱ्हाड काही नाही, उगाच आईच्या कानावर घालू नकोस. माझं सगळं ठीक आहे. तिच्यासाठी पलंगसुद्धा घेऊन ठेवलाय.

बारक्या

२८ फेब्रुवारी

बारक्या,

पंचवीस तारखेला परत जाऊन आलो. एकही बोट उमटलं नाही. या वेळी पडद्यावर डागसुद्धा नव्हते.

साहेबानं आईचे हात उलटेसुलटे करून बघितले, काहीतरी टाइप केलं आणि कागद हातात दिला. त्यावर लिहिलंय की ठसे हेतुपुरस्सर नष्ट केल्याचा संशय आहे, सबब अर्जदाराला दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. मी काउंटरवर हात आपटला. म्हटलं, ही बाई बहात्तर वर्षांची आहे, तिला कसला हेतू? त्यानं दारावरच्या माणसाला खूण केली आणि आम्हाला बाहेर काढलं.

आई शांत होती. बाहेर आल्यावर तिनं समोरच्या टपरीवर चहा मागितला, वर चार बिस्किटं खाल्ली. "होतं ते बऱ्यासाठी," म्हणाली. मलाच धीर देत होती बिचारी.

आता ऐक. पंधरा दिवसांपूर्वी मला तिची बोटं लाल दिसली, मी विचारलं, ती म्हणाली थंडीनं. मी विश्वास ठेवला. तू तुझ्या डबल बॅटरीवर ठेवलास. मी त्याच्या दुकानात जाऊन त्याला चार गिऱ्हाइकांसमोर असा झाडला की आता तो आमच्या दाराकडे बघताना चष्मा काढून ठेवतो. सख्ख्या बहिणीमागे हेर लावतोस? शोभतं तुला?

आणि मला एक सांग. त्या साहेबाची भाषा तंतोतंत तुझ्या एजंटच्या भाषेसारखी कशी? "हेतुपुरस्सर" हा शब्द त्याला कुणी सुचवला? आई यावी असं दाखवायचं आणि येऊ नये अशी व्यवस्था करायची, असा काही डाव तर नाही ना तुझा? स्वतः येत नाहीस, तिला येऊ देत नाहीस, आणि सगळं खापर माझ्या माथी. माझं डोकं चालेनासं झालंय.

ताई

११ मार्च

ताई,

मी केंद्राला किंवा कुणालाही एक अक्षर लिहिलेलं नाही. यावर विश्वास ठेवायचा तर ठेव.

ठसे आपोआप नाहीसे होत नाहीत. पहिल्या वेळी डाग होते, दुसऱ्या वेळी डागही नाहीत, आणि मधले सात आठवडे आई तुझ्या ताब्यात होती. यापेक्षा जास्त मला काही लिहायचं नाही. यापुढे मी आईशी फोनवर बोलेन. तू फोन उचललास तर तिला दे.

तो पलंग खोलीतल्या दुसऱ्या माणसाला देऊन टाकला.

७ एप्रिल

बारक्या,

तू आणखी काही लिहायचं नाही म्हणालास तरी मी लिहिते. फोनवर हे बोलता यायचं नाही.

रविवारी सकाळी दुकानाच्या दारात एक उंच, उन्हानं लालबुंद झालेला माणूस आणि त्याची बायको उभी. हातात तुझ्या अक्षरातला पत्ता. तुझा फोरमन! तू त्याच्याबरोबर आईला गुडघ्याचा पट्टा आणि वाचायचा चष्मा पाठवलास, पण तो येणार हे कळवायचं मात्र तुला सुचलं नाही. माझी त्रेधा उडाली. नशीब, कॉलेजच्या लायब्ररीच्या बाई फाटलेली पुस्तकं घेऊन आल्या होत्या. त्यांना ती भाषा येते, त्यांनी सगळं मराठीत सांगितलं.

आधी इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, इकडे यायची परवानगी मिळायला तुम्हाला किती महिने लागले? तो म्हणाला, कसली परवानगी? मंगळवारी ठरवलं, शनिवारी आलो. इथल्या विमानतळावर शिक्का मारून दिला. मी विचारलं, बोटं घेतली का? तो आधी स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला, मग हसला. त्याला वाटलं बाईंनी काहीतरी चुकीचं सांगितलं. माणूस वाईट नाही रे. आईनं केलेला चहा दोनदा मागून घेतला, आणि बांधायला ठेवलेल्या वह्यांची शिवण किती वेळ निरखून बघत होता.

मग मी म्हटलं, आमच्या भावाला सुट्टी का देत नाही तुम्ही? चार वर्षं झाली. तो गोंधळला. म्हणाला, सुट्टी? मी तर दरवर्षी त्याला जा म्हणतो. पण तो जाईल कसा? त्यानं आमच्या देशात कायम राहण्याचा अर्ज केलाय, चौथं वर्ष चालू आहे, पासपोर्ट त्या कचेरीत जमा आहे. निकाल लागायच्या आत देश सोडला की अर्ज रद्द. हे त्यानं तुम्हाला सांगितलं नाही? शेवटचं वाक्य बाईंनी सांगितलंच नाही, त्यांनी खाली बघितलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

म्हणजे तुला बिऱ्हाड नाही, तू अडकून पडला आहेस. आणि मी तुला नाही नाही ते लिहिलं. पण तूही कसा माणूस आहेस! चार वर्षं पट्ट्यांच्या गोष्टी सांगत बसलास? आई दवाखान्यात असताना मी तुला फोनवर दगड म्हणाले होते, तेव्हाही तू ऐकून घेतलंस?

एक गोष्ट मात्र मला खटकते. आई तिथेच बसलेली होती, तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल, निदान काही विचारेल. ती एवढंच म्हणाली, "अजून चहा घेणार का विचार त्याला." त्यानंतरही या विषयावर एक शब्द नाही. तिच्या मनात काय आहे याचा मला थांग लागत नाही.

ताई

१९ एप्रिल

ताई,

फोरमनला पत्ता दिला तेव्हाच वाटलं होतं की हे बाहेर पडणार. पण चष्मा पाठवायचा मोह आवरला नाही.

का सांगितलं नाही? अकरा वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की माझं इथे बस्तान बसलंय. गल्लीत सगळे आईला म्हणतात, तुमच्या मुलाचं चांगलं झालं. त्याच मुलाला या देशाच्या कुंपणाबाहेर जायला मुभा नाही हे कोणत्या तोंडानं सांगू? मी रोज तीस विमानांचं सामान वर चढवतो आणि एकातही बसू शकत नाही. दर वेळी वाटायचं, दोन महिन्यांत निकाल लागेल, मग सांगू.

आता जे फोरमनलाही माहीत नाही ते सांगतो. अर्ज अडकलेल्या माणसानं घरच्या कुणाला बोलावलं की कचेरी त्याची स्वतःची फाइल पुन्हा उघडून तपासते. माझ्या फाइलमध्ये एक गोम आहे. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी नोकरी बदलली तेव्हा नवा परवाना यायच्या आधी सात आठवडे मी काम केलं. तेव्हा कुणी बघितलं नाही. आता बघितलं असतं तर मला हाकलून दिलं असतं. आईचे ठसे उमटून तिचा अर्ज पुढे सरकला असता तर फाइल उघडली गेली असतीच. हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी तिला बोलावलं. म्हटलं, ती एकदा इथे पोचू दे, पुढचं पुढे बघू.

तुझ्यावर आळ घेतला त्याची लाज वाटते. मी माझ्याच भीतीनं वेडा झालो होतो, आणि सगळीकडे मला कुणीतरी आड आलेलं दिसत होतं.

आता ती दोन वर्षं येऊ शकत नाही, आणि डॉक्टरांनी तर हे एकच वर्ष दिलंय. अर्ज मागे घ्यावा आणि निघून यावं असं रोज मनात येतं. मागे घेतला की दहा वर्षं या देशात पाय ठेवता येत नाही. तेव्हा मी पन्नाशीचा असेन. तुला काय वाटतं ते लिही. आईला यातलं काहीही कळू देऊ नकोस.

बारक्या

३० एप्रिल

बारक्या,

आईला कळू देऊ नकोस म्हणालास. तुझं पत्र माझ्या आधी तिनंच वाचलं.

पाकीट हातात आलं आणि मला शंका आली. तुझ्या पाकिटांच्या कडेला कारखान्यातला डिंक असतो, तुकतुकीत. या कडेला खळ होती. मैद्याची, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, सुकल्यावर किंचित हिरवट दिसते. अशी खळ या गावात एकाच घरात शिजते. मी तुझी जुनी पाकिटं काढून उजेडात धरली. जानेवारीपासूनचं एकूण एक पाकीट वाफेवर उघडून, खळ लावून, वजनाखाली दाबून परत बंद केलेलं. कुठे एक सुरकुती नाही. दारातल्या स्टुलावर बसून पोस्टमनच्या हातून तीच पत्रं घेत होती, आणि मी समजत होते की ती रिकामी बसली आहे.

घरी आल्यावर मी पाकीट तिच्यापुढे धरलं. म्हटलं, "हे काय आहे?"

"पाकीट."

"कुणी उघडलं?"

"ज्याचं नाव आहे त्यानं उघडावं. तू उघड की."

"आई!"

मग तिनं चष्मा काढला, तू पाठवलेला, आणि उठून आत गेली. उशीखालून काहीतरी आणून माझ्या हातावर ठेवलं. न्हाणीघरातली पाय घासायची वजरी. मी तीन महिने ती शोधत होते.

ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "तो चार वर्षं आला नाही. म्हणजे एक तर त्याला तिथून सोडत नाहीत, नाही तर तो माझा नाही. दुसरं मला कधी खरं वाटलं नाही. आणि पहिल्या दिवशी बाकावर जी बाई बसली होती ना, तिच्या मुलाचं तेच झालं. त्याचा अर्ज अडकलेला, त्यानं आईला बोलावलं, साहेबांनी त्याचीच फाइल उघडली आणि त्याला विमानात बसवून परत पाठवलं. ती बिचारी त्याचे कागद सोडवायला आली होती. मी म्हटलं, माझी बोटं उमटली नाहीत ते किती बरं झालं. पण दुसऱ्या खेपेला मशीनचा काय भरवसा?"

मी माल पोचवायला बाहेर पडले की ही घरी जाऊन न्हाणीघराचं दार लावून बोटं घासायची. रक्त आलं की डबल बॅटरीकडून मलम आणायची.

म्हणजे केंद्रातल्या त्या साहेबानं लिहिलं ते शब्द न् शब्द खरं होतं. तू माझ्यावर संशय घेतलास, मी तुझ्यावर, आणि जिच्यावर घ्यायचा तिला आपण धीर देत बसलो. मी तिला विचारलं, "त्यानं माझ्यावर आळ घेतला तेही तू वाचलंस. तरी गप्प बसलीस?" तेव्हा ती रडली. म्हणाली, "तुझी कातडी जाड आहे, म्हटलं तू सोसशील. तो तिथे एकटा आहे." मला राग यायला हवा होता. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, एवढी मोठी घोडी झाले तरी.

तिचा निरोप असा. तिथेच थांब. अर्ज मागे घेतलास तर ती तुझं तोंड बघणार नाही. कातडं सोलून वाचवलेलं तू उधळू नकोस. हे तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंय.

तू मला काय वाटतं ते विचारलंस. तिच्या पायांवर सूज आली आहे. काल डॉक्टरांनी औषध बदललं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की घरात आणखी कोण आहे. ये असं लिहायची माझी छाती होत नाही आणि येऊ नकोस असं लिहवत नाही. तूच ठरव.

ताई

१२ मे

ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारभर खोलीत बसून होतो. सोमवारी कचेरीत गेलो.

चार वर्षं मी ज्या खिडकीपुढे उभा राहायचो तिच्या शेजारी आणखी एक खिडकी आहे. अर्ज मागे घेणाऱ्यांची. तिथे रांग नसते. खुर्च्याही नाहीत, कारण बसायची वेळच येत नाही. आतल्या बाईनं विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. तिनं एक कागद पुढे केला, मी सही केली, तिनं कपाटातून माझा पासपोर्ट आणून दिला. मी घड्याळ बघितलं, नऊ मिनिटं झाली होती. आता ठसे मागेल म्हणून मी सवयीनं हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू द्या. जाणाऱ्यांचे लागत नाहीत."

फोरमनला सांगितलं. त्याला काही केल्या समजेना. "दोन आठवडे जाऊन ये ना, नोकरी कुठे पळून जात नाही," असं तो तीनदा म्हणाला. त्याच्या दृष्टीनं जाणं आणि येणं हे एकच काम आहे. शेवटी मी समजावणं सोडून दिलं. निघताना त्यानं मला मिठी मारली.

मला भीती वाटते, ताई. चाळिशीला आलेला माणूस, हाताशी एक कसब, आणि आपल्या गावात दूरदूर विमानतळ नाही. काल पट्ट्याच्या मोटारीशेजारी बसून खूप रडलो. पण एकदा सही केल्यावर परत फिरायला वाव नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरं वाटतंय. मला तुझ्या दुकानात कामाला ठेवशील का? घड्या घालायला शिकेन. पगार घेईन मात्र.

आता पुढचं आईसाठी.

आई, हे पाकीट तूच आधी उघडणार, म्हणून तुलाच सांगतो. तू जे केलंस ते वाचून मी तुझ्यावर फार रागावलो आहे. मला एकट्याला वाचवायला तू आपल्या दोघांची भेट घालवायला निघाली होतीस, आणि मला विचारलंही नाहीस. मीही तुला विचारलेलं नाही. अर्ज मागे घेतलाय, सही झाली आहे, आता वाफेवर धरून काही सुटायचं नाही. मी सव्वीस तारखेला दुपारी पोचतो.

माझं तोंड बघणार नाही म्हणालीस. नको बघूस. डोळे मिटून दारात बस, मी तुझं बघेन.

बारक्या